लेथचे वंगण

बैलगाडीच्या आसाला वंगण घालावे लागते, हे महाराष्ट्रातील खेड्यांत कुणाला मुद्दाम शिकवावे लागले नाही. आस कोरडा पडला की गाडी करकरू लागे, बैलांना ओढ जड होई आणि गाडीवानाचा हात आपोआप वंगणाच्या नळकांड्याकडे जाई. धातू कातणारा लेथ मात्र अशी तक्रार क्वचितच करतो. तो निमूटपणे झिजतो. आणि ती झीज स्वतःपाशी न ठेवता आपल्यावर तयार होणाऱ्या प्रत्येक वस्तूत उतरवितो. म्हणूनच लेथचा इतिहास सांगताना तेलाचा इतिहास वगळता येत नाही.

लाकूड कातणारा जुना कातारी हत्यार हातात धरीत असे. काम सुबक झाले तर ते त्याच्या हाताचे यश, बिघडले तर त्याच्याच हाताचा दोष. हा संबंध बदलण्यात हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिराचा वाटा फार मोठा आहे. १७७१ मध्ये वुलिच येथे जन्मलेला मॉडस्ले बाराव्या वर्षी तेथील शस्त्रागारात कामाला लागला. पुढे लंडनला जोसेफ ब्रामाच्या कारखान्यात त्याने नाव मिळविले. परंतु पगारवाढ नाकारली गेल्यामुळे १७९७ मध्ये त्याने स्वतःचे दुकान थाटले. हत्यार घट्ट धरणारी सरकती बैठक, अचूक लीड स्क्रू आणि बदलता येणारी दातेरी चाके यांचा मेळ त्याने पूर्णपणे धातूच्या यंत्रात घातला. यांतील प्रत्येक कल्पना त्याची एकट्याची नव्हती; मेळ मात्र त्याने असा साधला की एकसारखे आटे पाडणे ही नेहमीची गोष्ट झाली. जोसेफ व्हिटवर्थ आणि जेम्स नॅस्मिथ हे पुढील पिढीचे थोर यंत्रकार त्याच्याच कारखान्यात घडले.

या सुधारणेचा एक परिणाम मात्र सहज ध्यानात येत नाही. हत्यार हातातून यंत्राकडे गेले, तशी अचूकतेची जबाबदारीही यंत्राकडे गेली. लेथचा बेड सरळ असेल तरच दांडा सरळ कातला जातो. बहुतेक कामे चकच्या जवळ होतात. त्यामुळे बेड तेथेच अधिक झिजतो. मग लांब दांडा कातताना त्याची जाडी सर्वत्र सारखी येत नाही, आणि कारागीर कितीही कुशल असला तरी त्याचा इलाज चालत नाही.

ही झीज रोखण्यासाठी त्या काळी हाताशी काय होते? जनावरांची चरबी, ऑलिव्हचे तेल, डुकराच्या चरबीचे तेल आणि नाजूक यंत्रांसाठी स्पर्म देवमाशाचे तेल. वनस्पतींची व प्राण्यांची बरीचशी तेले धातूला चांगली धरून राहतात; पण हवेने ती कालांतराने चिकट होतात, त्यांत आम्ल तयार होते आणि ते धातूला खाते. १८५९ मध्ये अमेरिकेतील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेकने खणलेल्या विहिरीला खनिज तेल लागले. पहिली ओढ दिव्यात जाळावयाच्या रॉकेलची होती. परंतु मागे उरणाऱ्या जड तेलांतून पुढे असे वंगण मिळाले, की जे सहजासहजी नासत नव्हते.

तरीही तेल नेमके काय करते, हे कुणालाच नीट उमगले नव्हते. लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी बोशँ टॉवर बेअरिंगवर प्रयोग करीत होता. त्याचा पहिला अहवाल १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेलपात्र बसविण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल वर उसळले. त्याने बूच मारले, तेही बाहेर ढकलले गेले. मग दाबमापक जोडला, तेव्हा काटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार तर केवळ १०० पौंडांचा होता! म्हणजे फिरता आस धातूवर टेकलेला नव्हताच. तो तेलावर तरंगत होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याची गणिती उपपत्ती मांडली. फिरणारा आस तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, तेथे दाब निर्माण होतो आणि तो दाबच भार उचलून धरतो.

तेलाची निवड कशी करावी, याचे उत्तर येथे सापडते. वेगाने फिरणाऱ्या स्पिंडलला पातळ तेल पुरते. दाट तेलाने तो उगाच तापतो. बेडवर सावकाश मागेपुढे सरकणाऱ्या भागांखाली असा भरवशाचा थर तयार होत नाही. तेथे दाट आणि पृष्ठभागाला चिकटून राहणारे तेल हवे. यंत्र सुरू होण्याच्या क्षणीही थर जमलेला नसतो. म्हणून तेल द्यावयाचे ते चालू करण्यापूर्वी.

हे ज्ञान कारखान्यापुरते राहिले नाही. १८९८ मध्ये लंडनला 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू झाले आणि घरच्या खोलीत लेथ चालविणाऱ्या हौशी कारागिरांना मार्गदर्शक मिळाला. १९४६ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन गावातून बाजारात आलेला मायफर्ड एमएल ७ हा अशा घरांचा आवडता लेथ ठरला. त्याचा स्पिंडल व्हाइट मेटलच्या बेअरिंगमध्ये फिरे आणि त्यांवर थेंबाथेंबाने तेल पडे. टॉवरने पाहिलेला तेलाचा थर आता घरातील बाकावर काम करू लागला.

घरी देखरेख करणारा फोरमन नसतो. मोटारीसाठी आणलेले तेल लेथमध्ये ओतण्याचा मोह तेथेच होतो. मोटारीच्या तेलातील द्रव्ये मळ तरंगत ठेवतात, कारण तो पकडावयास इंजिनात गाळणी असते. लहान लेथमध्ये ती बहुधा नसते. डब्यावरचा अंकही समजून घ्यावा लागतो. १९७५ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३२ किंवा ६८ हा अंक ४० अंश सेल्सिअसला असलेला तेलाचा दाटपणा सांगतो, त्याची प्रत नव्हे. स्पिंडलला बहुधा ३२ आणि बेडला ६८ योग्य ठरते. अखेरचा शब्द मात्र लेथ बनविणाऱ्याच्या पुस्तिकेचा. कातताना हत्यारावर सोडावयाचे पाणीमिश्रित तेल तर वंगणच नव्हे. ते बेडवर राहिले तर गंज आणते.

यांहून महत्त्वाचा आहे क्रम. बिडाची बारीक पूड तेलात मिसळली की तिची घासणारी लुगदी बनते, आणि मग तेल घालणे हेच झिजविणे ठरते. म्हणून आधी ब्रशने कीस काढावा, फडक्याने बेड पुसावा, आणि मगच ताजे तेल द्यावे. वाऱ्याच्या झोताने कीस उडविला तर तो सरकत्या भागांच्या फटींत शिरतो.

१९६६ मध्ये ब्रिटिश सरकारपुढे पीटर जोस्ट यांचा अहवाल आला. घर्षण आणि झीज यांकडे नीट लक्ष दिल्यास देशाचे वर्षाला ५१.५ कोटी पौंड वाचतील, असा त्याचा अंदाज होता. आणि या शास्त्राला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव त्यातूनच रूढ झाले. राष्ट्राच्या हिशेबात तेलाच्या थराची नोंद अशी उशिरा झाली. काम आटोपल्यावर बेड पुसून त्यावर तेलाचा हात फिरविणारा कारागीर मात्र तो हिशेब रोज संध्याकाळी मांडीत आला आहे.