वांकडें मनगट आणि कामाचा हात

घरांतील एखादें वृद्ध माणूस पाय घसरून पडतें, तोल सावरण्यासाठीं तळहात पुढें टेकतें, आणि मनगट मोडतें. हा अपघात जुनाच. पण त्याचें खरें स्वरूप वैद्यांस कळावयास फार काळ लागला. सांधा निखळला, अशीच अठराव्या शतकांत बहुतेकांची समजूत होती. फ्रान्समधील शल्यवैद्य क्लोद पुतो यांचें निराळें मत १७८३ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु फ्रान्सबाहेर त्याचा फारसा बोलबाला झाला नाहीं.

१८१४ सालीं डब्लिन येथील शल्यशास्त्राचे अध्यापक अब्राहम कॉलिस यांनीं एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकांत छोटासा निबंध लिहिला. क्ष-किरणांचा शोध लागावयास अद्याप ८१ वर्षें होतीं. कॉलिस यांचीं साधनें म्हणजे स्वतःचे डोळे आणि बोटें. रोग्याचा हात ओढून धरिला म्हणजे व्यंग नाहींसें होतें, सोडतांच परत येतें, हें त्यांनीं हेरलें. आणि मोड सांध्यांत नसून कोपराच्या बाजूस सुमारें दीड इंचावर, अंगठ्याकडील हाडांत आहे, असा निर्णय दिला. त्याच निबंधांत त्यांनीं आणखी एक गोष्ट नमूद केली. हाड नीट बसलें नाहीं, तरी कालांतरानें हालचाल मोकळी होते व वेदना जातात. वांकडेपणा मात्र जन्मभर राहतो.

१८९५ नंतर क्ष-किरणांच्या चित्रांत हाडाची रेषान् रेषा दिसूं लागली, तेव्हां वांकडें दिसेल तें सरळ केलेंच पाहिजे, ही भावना बळावली. एकविसाव्या शतकारंभीं धातूची पट्टी व स्क्रू बसविण्याची शस्त्रक्रिया सर्वत्र पसरली. मात्र २०११ सालीं ऑस्ट्रियांतील शल्यवैद्यांनीं ६५ वर्षांच्या व त्याहून वृद्ध अशा ७३ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया झालेल्यांचीं हाडें अधिक सरळ जुळलीं, मूठही अधिक बळकट झाली. परंतु वर्षाअखेर मनगटाची हालचाल आणि नित्याचीं कामें यांत प्लास्टर घातलेले रोगी मागें राहिले नव्हते.

म्हणून उपचारच नको, असें नव्हे. जखम उघडी असेल किंवा बोटें बधिर होत असतील, तर प्रसंग निराळा. शिवाय प्लास्टर असतांना बोटें, कोपर आणि खांदा हलते ठेविले नाहींत, तर सांधे आंखडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रेंच शल्यवैद्य ल्यूका-शांपियोनिएर यांनीं मोडलेल्या अवयवास लवकर हालचाल द्यावी, असा आग्रह धरिला होता तो याचसाठीं. तेव्हां आजीच्या मनगटाचें चित्र पाहून घरच्यांनीं एकदम हवालदिल होऊं नये. तिला वेणी घालतां येते कीं नाहीं, पोळी लाटतां येते कीं नाहीं, हेंही वैद्यांस अवश्य सांगावें.