खडकीला पाणी देणारा हबशी

आमच्याकडे नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. ड्रम, बादल्या, घागरी, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवायचा. मग पुढचे काही दिवस निभतात. पैठणचं जायकवाडी धरण शहरापासून जेमतेम 50 किलोमीटरवर आहे, हे विशेष.

मागे पुण्याचा एक मित्र आला होता. त्याला पाणचक्की दाखवायला नेलं. भिंतीवरून हौदात पडणारं पाणी बघून त्यानं विचारलं, "मोटर कुठे लावलीय?" मोटर नाहीच, म्हटलं. शहराच्या उत्तरेच्या डोंगरातून मातीच्या नळांतून पाणी येतं, उताराच्या दाबानंच भिंतीवर चढतं आणि खाली पडतं. त्या धारेवर चाक फिरायचं आणि जात्यात पीठ पडायचं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-वाटसरूंच्या भाकरीची सोय त्यातून व्हायची. हे काम 1744 चं. पण या शहरात जमिनीखालून पाणी आणण्याची विद्या त्याहून शंभरेक वर्षं जुनी आहे, आणि ती रुजवणारा माणूस आफ्रिकेतला होता.

मलिक अंबर 1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, बगदादसारख्या बाजारांतून हात बदलत दख्खनेत पोचला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला. मुघलांना गनिमी काव्यानं जेरीस आणणारा सेनापती म्हणून आपण त्याला ओळखतो. पण 1610 मध्ये त्यानं खडकीला राजधानी केली, तेव्हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न पाण्याचा होता.

त्याचं उत्तर म्हणजे नहर-ए-अंबरी, साधारण 1617 ची. हर्सूलच्या बाजूला जमिनीतलं पाणी गोळा करायचं, भुयारातून उतारानं शहरात आणायचं, आणि वाटेत ठरावीक अंतरावर विहिरीसारखी तोंडं ठेवायची, म्हणजे आत उतरून गाळ काढता येईल. मी सॉफ्टवेअरवाला. मला सगळ्यात जास्त भावतात ती ही तोंडं. सिस्टीम बिघडणार, हे बांधणाऱ्यानं आधीच गृहीत धरलं होतं.

गावांसाठीही त्यानं असाच विचार केला. वसुलीचे मक्ते बंद केले, जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला, पाटील-कुलकर्ण्यांना हाताशी धरलं. गावाची माहिती गावाकडेच असते, हे त्याला कळलं होतं.

आफ्रिका म्हटलं की आज आपल्याला मदतीची पाकिटं आठवतात. पण तिकडेही गोष्ट वेगळी आहे. बुर्किना फासोतल्या याकूबा सावाडोगो या शेतकऱ्यानं 1980 च्या दशकात, दुष्काळात, पावसाआधी कडक जमिनीत खड्डे घेऊन त्यात शेणखत भरलं. पद्धत जुनीच, 'झाई' नावाची. त्यानं ती सुधारली. पडीक रानावर पीक आलं, झाडं उभी राहिली, आजूबाजूचे शेतकरी शिकले. मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

1626 मध्ये मलिक अंबर गेला. त्याची कबर जवळच खुलताबादला आहे. खडकीचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. नावं बदलत राहिली तरी नहर वाहत होती. ती अडली ती रस्ते आणि इमारतींखाली, आणि गाळ काढणारे हात कमी झाल्यावर.

आज लाखोंच्या शहराला ती नहर पुरणार नाही, हे मलाही कळतं. त्यामुळे 'पूर्वी सगळं छान होतं' असं मी म्हणणार नाही. पण योजना आली की आपण पाईप किती मोठा, एवढंच विचारतो. गाळ कोण काढणार, हे चारशे वर्षांपूर्वी विचारलं गेलं होतं. पुढच्या वेळी नळाखाली बादली लावताना हा प्रश्न आपणही विचारायला हरकत नाही.