बिस्बी : अ‍ॅरिझोनाच्या या डोंगरी गावात गेलात, तर बेसबॉलचं जुनं मैदान का चुकवू नये?

डोंगरउतारावर एकावर एक रचल्यासारखी रंगीत घरं आणि त्यांना जोडणाऱ्या न संपणाऱ्या पायऱ्या. बिस्बीचे फोटो सोशल मीडियावर दिसतात ते असे.

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातलं हे गाव म्यूल पर्वतात सुमारे 5,500 फुटांवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही हजारेक फूट उंच. खाली वाळवंटी प्रदेश आणि मेक्सिकोची सीमा जेमतेम 16 किलोमीटरवर. वस्ती पाच हजारांच्या आसपास.

गाव वसलं 1880 मध्ये, तांब्यामुळे. 1975 मध्ये खाणकाम थांबलं आणि पुढच्याच वर्षी 'क्वीन माइन' पर्यटकांसाठी खुली झाली. डोक्यावर हेल्मेट आणि दिवा, बसायला छोटी रेल्वे. आत बारा महिने 8 अंशांच्या आसपास तापमान असतं, त्यामुळे बाहेर कितीही ऊन असलं तरी जॅकेट घ्याच. जवळचा 'लॅव्हेंडर पिट' महामार्गालगतच्या कुंपणातून दिसतो. नाव ऐकून फुलं शोधू नका, हा उघड्या खाणीचा प्रचंड खड्डा आहे. लॅव्हेंडर हे खाण कंपनीतल्या एका अधिकाऱ्याचं आडनाव.

12 जुलै 1917 ला काय झालं?

पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि तांब्याला मोठी मागणी होती. जून अखेरीस खाण कामगार संपावर गेले. सुरक्षित काम आणि परदेशी कामगारांशी होणारा भेदभाव थांबवणं, या त्यांच्या मुख्य मागण्या. यात मेक्सिकन आणि पूर्व युरोपातून आलेले अनेक जण होते.

12 जुलैच्या पहाटे शेरीफ हॅरी व्हीलर यांनी जमवलेल्या सुमारे दोन हजार सशस्त्र लोकांनी घराघरांतून माणसं बाहेर काढली. ओळख पटावी म्हणून त्यांनी दंडाला पांढरी पट्टी बांधली होती. पकडलेल्यांना वॉरन भागातल्या बेसबॉल मैदानावर चालवत नेलं. तिथून सुमारे 1,200 जणांना मालगाडीच्या डब्यांत कोंडून शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात, वाळवंटात सोडून देण्यात आलं. यामागे फेल्प्स डॉज ही खाण कंपनी होती. सरकारी चौकशीत हे सगळं बेकायदेशीर ठरलं, पण शिक्षा कुणालाच झाली नाही.

ते मैदान 1909 चं. तिथे आजही सामने होतात. गावात अनेक वर्षं या विषयावर फारसं कुणी बोलत नसे. 2017 मध्ये, शंभर वर्षांनी, गावकऱ्यांनीच तो दिवस पुन्हा उभा केला. त्यावर 'बिस्बी '17' हा माहितीपट आहे, जाण्यापूर्वी जरूर पाहा. गावातलं खाण संग्रहालय फेल्प्स डॉजच्याच जुन्या कचेरीत आहे.

जायचं कसं, कधी?

टूसॉन शहरापासून गाडीने दीडेक तास. वाटेत टूम्बस्टोन लागतं. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही पावसाळा असतो आणि त्याला मान्सूनच म्हणतात!

या भागातल्या रस्त्यांवर सीमा गस्ती दलाच्या तपासणी चौक्या आहेत. तुम्ही व्हिसावर अमेरिकेत असाल, तर मूळ पासपोर्ट आणि कागदपत्रं सोबत ठेवा. नाको इथून पायी मेक्सिकोत जाण्याचा मोह होईल, पण परत येण्यासाठी तुमचा अमेरिकी व्हिसा वैध आहे का, हे आधी तपासा.