पाटणचा गोल आणि घुमटातले आकाश

खानदेशात भास्कराचार्यांचे नाव निघते ते बहुधा ‘लीलावती’चे कर्ते म्हणून. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख मात्र आम्हांला आणखी एक गोष्ट सांगतो. आचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांनी पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने इ.स. १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या वेळी, त्या मठास दान दिले. पेठेतील मालावरचे राजाचे उत्पन्न आणि घाण्यांचे तेल मठाकडे लावून दिल्याची नोंद लेखाच्या मराठी भागात आहे.

आकाश शिकवावे कसे, हे आचार्यांनी इ.स. ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात सांगितले आहे. सरळ बांबूच्या कामट्यांची वलये बांधावी, ध्रुवाकडे रोखलेला दांडा मधून घालावा, मध्यभागी पृथ्वी बसवावी. उणीव एकच. आकाश आपण आतून पाहतो, आणि येथे विद्यार्थी गोलाच्या बाहेर उभा!

ही उणीव १९२३ साली जर्मनीत दूर झाली. म्यूनिचच्या संग्रहालयासाठी झाइस कारखान्यातील वाल्थर बाउअर्सफेल्ड यांनी घुमट स्थिर ठेवून प्रकाशच फिरविला. यंत्रात मध्ये दिवा, त्याभोवती ताऱ्यांची बारीक छिद्रे पाडलेले पत्रे, पुढे भिंगे. पांढऱ्या घुमटावर ४५०० तारे उमटत. ग्रहांसाठी निराळी रचना होती. पृथ्वी आणि ग्रह सूर्याभोवती फिरतात त्या प्रमाणात दातेरी चाके फिरत, आणि दोहोंना जोडणारी कांब जिकडे रोखली जाई तिकडे ग्रहाचा ठिपका पडे. त्यामुळे मंगळ वक्रीही आपोआप होई. पण या यंत्रास म्यूनिचचेच आकाश ठाऊक. तेथे ध्रुव ४८ अंश उंच, जळगाव-धुळ्यास सुमारे २१. कोणत्याही गावचे आकाश दाखविणारी दुसरी घडण १९२६ साली आली.

महाराष्ट्रात पुण्याच्या टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली, तर मुंबईस १९७७ साली नेहरू तारांगण सुरू झाले.

आज शहराच्या दिव्यांत आकाशगंगा बुडाली आहे. मुलांना ती दाखवायची तर घुमट हवा, यंत्र हवे, आणि शिकविणाराही हवा. हा खर्च गावाने का सोसावा, असे कोणी विचारले तर आम्ही त्याला पाटणचा लेख वाचावयास सांगू.