गादीवर कोण, हे सांगायचं कोणी?

कुहीहून निघा. पहिला मुक्काम जवळच आहे: नागपूर, 11 डिसेंबर 1853. तिसरे रघुजी भोसले आत्ताच वारलेत. पोटी मुलगा नाही. तुमची कुही याच राज्यातली, त्यामुळे वाड्याबाहेरच्या गर्दीत तुम्हाला कोणी हटकत नाही. राजघराणं नात्यातल्या यशवंतराव अहिररावांना दत्तक घेतं, त्यांचं नाव जानोजी ठेवतं. घरच्यांच्या आणि रयतेच्या लेखी गादीला वारस मिळाला. ब्रिटिश गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीच्या लेखी मिळाला नाही. 1854 मध्ये राज्य खालसा होतं, आणि वाड्यातले हत्ती-घोडे, दागदागिने लिलावात निघतात.

वारस ओळखायचा हक्क कोणाचा, हा प्रश्न सोबत घ्या आणि ऐंशी वर्षं पुढे, हिमालयापलीकडे चला.

ल्हासा. डिसेंबर 1933. तेरावे दलाई लामा थुप्तेन ग्यात्सो गेलेत. इथे राजाच देव आहे, करुणेच्या अवलोकितेश्वराचं मनुष्यरूप. तो परत जन्म घेणार याबद्दल तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीला तिळमात्र शंका नाही. कोणत्या घरात, एवढंच शोधायचं आहे. देह आसनावर दक्षिणेकडे तोंड करून बसवला आहे. काही दिवसांनी कुजबुज तुमच्या कानावर येते: मस्तक आपोआप ईशान्येला वळलंय. तुमचा विश्वास बसो न बसो, शोधाची दिशा ठरली.

दीड-दोन वर्षं गेली. तरुण राजप्रतिनिधी रेटिंग रिनपोछे ल्हामो लात्सो सरोवराच्या काठी ध्यानाला बसले आहेत. तुम्हाला फक्त पाणी दिसतं. त्यांना त्यात ‘अ’, ‘क’ आणि ‘म’ ही तिबेटी अक्षरं दिसतात, हिरव्या-सोनेरी छपराचा मठ दिसतो, आणि निळसर कौलांचं एक साधं घर. ‘अ’ म्हणजे आम्दो प्रांत, असा अर्थ लावून शोधपथकं निघतात.

आता थोडं थांबा, कारण सगळं मर्म पुढच्या घरात आहे. आम्दोमधलं ताकत्सेर गाव. शेतकऱ्याचं घर, छपराच्या पन्हाळी वेड्यावाकड्या जुनिपरच्या लाकडाच्या. पथकाचे प्रमुख, सेरा मठाचे क्योत्सांग रिनपोछे, नोकराच्या वेशात स्वयंपाकघरात बसलेत, आणि मालकाचा मान घेऊन त्यांचा कनिष्ठ सहकारी आतल्या खोलीत. तुम्ही चुलीजवळ बसा. दोन वर्षांचा ल्हामो धोंडुप येतो, थेट ‘नोकरा’च्या मांडीवर चढतो आणि त्याच्या गळ्यातली माळ मागतो. माळ तेराव्या दलाई लामांची आहे.

“मी कोण ते सांगितलंस तर देतो.”

“सेरा मठाचे लामा,” पोर म्हणतं.

काही दिवसांनी पथक उघडपणे परत येतं. मुलापुढे काळ्या माळांची जोडी, पिवळ्या माळांची जोडी, दोन डमरू, दोन काठ्या. प्रत्येक जोडीतली एक वस्तू तेराव्यांची, दुसरी तशीच दिसणारी. माळा अचूक उचलल्या. डमरूही. काठीपाशी हात आधी चुकीच्या काठीवर जातो. खोलीतल्या सगळ्यांबरोबर तुमचाही श्वास अडकतो. मुलगा ती ठेवतो, दुसरी घेतो. पुढे कळतं की पहिली काठीही काही काळ तेराव्यांनी वापरली होती.

या खोलीत परीक्षा घ्यायला आलेल्या मोठ्या माणसालाच मुलानं आधी ओळखलं. जगातल्या बहुतेक गाद्या रक्तानं किंवा तलवारीनं चालल्या. इथे एका शेतकऱ्याच्या पोराला गादी मिळते ती ओळखीमुळे, आणि ही ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते. मला या विधीचं सगळ्यात मोठं मोल यातच वाटतं. त्याची किंमतही तुम्हाला लगेच दिसते. मुलाला कुंबुम मठात ठेवतात. आई-वडील दूर, सोबतीला फक्त भाऊ. या चिमुकल्याची एकटं पडण्याची व्यथा कुठल्याही मंत्रानं झाकता येत नाही.

अडवणारा इथेही आहेच. चिनी बाजूचा सुभेदार मा बुफांग आधी एक लाख चिनी डॉलर मागतो, ते मिळाल्यावर आणखी तीन लाख. अखेर मक्केला निघालेले मुस्लीम व्यापारी उसने पैसे देतात, तेव्हा 1939 च्या उन्हाळ्यात तांडा हलतो. तीन महिन्यांहून जास्त प्रवास, दोन खेचरांच्या मधे टांगलेल्या मेण्यातून.

22 फेब्रुवारी 1940, पोताला. सिंहासनावर साडेचार वर्षांचं मूल आहे, तासन् तास चाललेल्या विधीत शांत बसलेलं. मंत्रघोष, पांढरी रेशमी उपरणी, एकामागून एक दंडवत. पाहुण्यांत ब्रिटिशांचे बेसिल गूल्ड आहेत आणि चीन सरकारचे वू झोंगशिन. समारंभ आपल्याच अध्यक्षतेखाली झाला, असं वू नंतर सांगतील. गूल्ड यांची नोंद तसं म्हणत नाही. 1793 मध्ये छिंग सम्राट छ्येनलोंगनं सोन्याचा कलश धाडून, त्यातून चिठ्ठी काढून नाव ठरवण्याचा हुकूम सोडला होता. या मुलासाठी तो कलश वापरलेला नाही. तुम्ही तिथेच उभे आहात, तुम्हाला ठाऊक आहे.

1959 चा मार्च घाईत ओलांडा. चिनी सैन्याला चुकवून ल्हासाहून रात्री निघालेले चौदावे दलाई लामा महिनाअखेरीस भारतात पोचतात, मागोमाग हजारो निर्वासित. 1972 मध्ये त्यांच्यातल्या काहींची वसाहत उभी राहते ती तुमच्याच पूर्वेला, वैनगंगेपलीकडे, तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात: गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग. नागपुरात हिवाळ्यात ज्या तिबेटी विक्रेत्यांकडून तुम्ही स्वेटर घेता, त्यांच्या देवघरात त्याच मुलाची तसबीर असते.

जुलै 2025. नव्वदीला टेकलेले दलाई लामा जाहीर करतात: परंपरा चालू राहील, आणि पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार फक्त आपल्या गादेन फोद्रांग ट्रस्टचा. बीजिंग 1793 चा कलश पुढे करतं आणि आपल्या मंजुरीशिवाय अवतार नाही, म्हणून बजावतं. धर्म न मानणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाला पुनर्जन्मावर शिक्का मारायचा आहे. तुम्ही नागपूर पाहून आला आहात, डलहौसीचा नकार पाहिला आहे. दत्तक नामंजूर करणाऱ्याला भोसल्यांच्या धर्माशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला राज्य हवं होतं. उद्या दोन मुलं समोर आली, एक कलशातून निघालेलं आणि एक शोधून सापडलेलं, तर नॉर्ग्येलिंगची माणसं कोणापुढे झुकतील, हे ताकत्सेरच्या त्या चुलीजवळ बसून आल्यावर तुम्हाला वेगळं सांगायला नको.