एकाच पानातले अनेक विषाणू

२०२० च्या उन्हाळ्यात पुणे, नगर, नाशिक आणि सातारा भागात टोमॅटोची फळे नीट पिकेनात. एकाच फळावर लाल, पिवळे, हिरवट असे पट्टे दिसू लागले. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटले आणि ‘टोमॅटोवर नवा व्हायरस’ ही बातमी करोनाच्या बातम्यांशेजारी जाऊन बसली. हा टोमॅटो खाल्ला तर आपल्याला काही होईल का, अशीही धास्ती पसरली. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेकडे नमुने गेले, तेव्हा त्यांत मुख्यतः काकडीवरचा मोझॅक विषाणू निघाला. त्याचे पहिले वर्णन १९१६ चे आहे, आणि वनस्पतींचे विषाणू माणसाला बाधत नाहीत. म्हणजे ‘नवा’ म्हणून गाजलेला हा पाहुणा शंभरी ओलांडलेला होता.

या पुस्तकाचा विषय नेमका इथून सुरू होतो. शेतात ‘व्हायरस आला’ म्हणतात, त्या एका शब्दाखाली कोण कोण लपलेले असते, ते एकमेकांचे कोण लागतात आणि ते बदलतात कसे? वनस्पतिरोगशास्त्राचे विद्यार्थी, रोपवाटिका चालवणारे, वाण तयार करणारे अशा सगळ्यांना या प्रश्नांत जागा आहे. जीनोम म्हटले की दचकणाऱ्यांनीही बिचकू नये. ज्या विषाणूंबद्दल इथे सर्वाधिक लिहिले आहे, त्यांचा एक जीनोम छापील दोन पानांत मावतो.

ते म्हणजे पाने वळवणारे बेगोमोविषाणू. आपल्याकडचा चुरडा-मुरडा त्यांचाच, आणि त्यांना रोपारोपावर नेणारी पांढरी माशी. भारतातल्या टोमॅटोवरच्या या रोगाचे वर्णन वासुदेव आणि सॅमराज यांनी १९४८ मध्ये केले. तेव्हा आणि पुढेही बरीच वर्षे रोग एक, म्हणून विषाणूही एकच, असे धरून काम चालले. १९९० च्या दशकात डीएनएचे क्रम वाचले जाऊ लागले आणि हा समज मोडला. नवी दिल्ली, बंगळूर, पालमपूर, गुजरात अशी गावा-प्रांतांची नावे घेऊन वेगवेगळे विषाणू पुढे आले. आज दोन बेगोमोविषाणूंच्या मुख्य डीएनएचे साम्य ९१ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्यांना निराळ्या प्रजाती मानतात. माझ्या मते ही रेघ सोयीची आहे, निसर्गाने आखलेली नव्हे. ९० टक्के आणि ९२ टक्के साम्य असलेले दोन विषाणू शेतात हुबेहूब एकच रोग करू शकतात.

यांचा डीएनए एकपदरी, वर्तुळाकार आणि सुमारे २,८०० अक्षरांचा असतो. नवी दिल्ली विषाणूसारख्या काहींजवळ अशी दोन वर्तुळे असतात. बंगळूर विषाणूसारखे काही एकाच वर्तुळावर भागवतात, पण बऱ्याचदा जोडीला निम्म्या लांबीचा बीटा-उपग्रह बाळगतात. या उपग्रहातले एक प्रथिन झाडाची प्रतिकारयंत्रणा लंगडी करते आणि रोग बळावतो. गंमत अशी की उपग्रह एकाच विषाणूशी एकनिष्ठ राहत नाही, जो सोबती मिळेल त्याच्याबरोबर पुढे जातो.

डीएनएचे विषाणू सावकाश बदलतात, असा सर्वसाधारण अनुभव. बेगोमोविषाणू मात्र जवळजवळ आरएनए विषाणूंच्या वेगाने बदलतात, आणि तेही झाडाचीच नक्कलयंत्रणा वापरून. त्याहून मोठी उडी पुनर्संयोगाने पडते. एका पेशीत दोन विषाणू शिरले की एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडला जातो. दक्षिण स्पेनमध्ये टोमॅटोवरच्या दोन विषाणूंच्या अशा संकरातून मालागा विषाणू जन्मला आणि त्याने जन्मदात्यांपेक्षा अधिक पिकांवर हातपाय पसरले. आपला नवी दिल्ली विषाणू २०१२ मध्ये स्पेनमध्ये आढळला तो झुकिनीवर. तिथला वाण भोपळावर्गीय पिकांना इतका सरावला आहे की टोमॅटोवर त्याचा फारसा जोर चालत नाही.

बाकीच्यांची ओळख पुढच्या प्रकरणांत होईलच. भुईमुगावरून नाव पडलेला, फुलकिड्यांमार्फत पसरणारा शेंडेमर विषाणू आपला जीनोम आरएनएच्या तीन तुकड्यांत वाहतो, त्यामुळे त्याच्या गोतातल्या दोन विषाणूंत आख्खे तुकडेच अदलाबदल होऊ शकतात. याच्या उलट टोकाला आहे फळांवर तपकिरी सुरकुत्या आणणारा विषाणू. २०१४ मध्ये इस्राएलमध्ये दिसलेला हा विषाणू बियाण्यातून, हातांतून, अवजारांतून काही वर्षांत अनेक देशांत पोचला. जगभरच्या त्याच्या नमुन्यांत फरक अगदी थोडा आहे. तरी मोजक्या बदलांच्या बळावर त्याने कित्येक दशके टिकलेले टीएम-२² हे प्रतिकारक जनुक निष्प्रभ केले. विविधता जास्त म्हणजे धोका जास्त, हे सरळ समीकरण इथे कोलमडते.

वाण निवडताना हा सगळा हिशेब पुढ्यात येतो. रानटी टोमॅटोतून आणलेले टीवाय-२ हे जनुक भारतात तयार झालेल्या एच-२४ या वंशातून जगभर गेले. ते काही एकवर्तुळी विषाणूंना रोखते, पण दोन वर्तुळे बाळगणाऱ्या काहींपुढे तोकडे पडते. ‘व्हायरसप्रतिरोधक’ असे छापलेले पाकीट हाती आले की कोणत्या विषाणूला प्रतिरोधक, हे विचारायलाच हवे. बियाणेविक्रेत्याने ते सांगायलाही हवे.

नव्या अभ्यासकांकडे एक मागणे आहे. नमुना घेताना गाव, तारीख, वाण, शेजारचे पीक आणि पानाखाली बसलेली माशी यांची नोंद ठेवा. जमल्यास माशीही कुपीत घ्या, कारण पांढरी माशी म्हणजेही दिसायला सारख्या अनेक प्रजातींचा गोतावळा आहे. नोंदीवाचून संगणकात साठवलेला क्रम विषाणू कोणता ते सांगेल. तो तिथे का पोचला, हे सांगणार नाही.