नियंत्रण दांडा, बदली (पॅलेट ट्रक व फोर्कलिफ्ट)

हातपॅलेट ट्रकच्या मुठीतला छोटा दांडा खाली दाबून मूठ हलवली की काटे वर येतात, मधे ठेवला की गाडी मोकळी ओढता येते, वर खेचला की भार उतरतो. ही हालचाल साखळीने किंवा सळईने झडपेपर्यंत पोचते. नांदुऱ्यासारख्या कापूसपेठेच्या गावी दांडा तुटला तर वेल्डिंग स्वस्त पडते, असे म्हटले जाते. हा हिशेब अपुरा आहे. जोडलेला दांडा किंचित वाकडा राहिला तरी साखळीचा ताण बदलतो, झडप पुरती मिटत नाही आणि भार आपोआप खाली बसू लागतो. म्हणून मापाचाच नवा दांडा बसवावा. फोर्कलिफ्टवर उचलण्याचा आणि मस्तूल झुकवण्याचा दांडा सहसा वेगवेगळा असतो; तिथली चूक जिवावर बेतते. बदलीनंतर आधी रिकाम्या गाडीवर प्रत्येक स्थिती तपासावी.